बिननावाच्या नटीला आलेली पत्रे

१९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील पूर्व चौदाव्या रस्त्यावरच्या ११ क्रमांकाच्या इमारतीत अशी पाकिटे येऊ लागली, की ज्यांवर पत्ता होता, पण माणसाचे नाव नव्हते. नावाच्या जागी 'बायोग्राफ गर्ल', म्हणजे बायोग्राफ कंपनीची ती मुलगी, एवढेच लिहिलेले असे. पत्र लिहिणाऱ्याला त्या मुलीचा चेहरा ठाऊक होता, तिचे रडणे आणि लाजणे ठाऊक होते, पण तिचे नाव त्याला कुणी सांगितलेले नव्हते. ती मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स लॉरेन्स. कंपनीच्या नियमानुसार पडद्यावर कोणत्याही नटाचे किंवा नटीचे नाव दाखवले जात नव्हते.

मूकपटांच्या काळातील चाहत्यांची पत्रे हा विषय वरवर पाहता हलकाफुलका वाटतो. कुणीतरी कुणाच्यातरी रूपाची तारीफ केली, फोटो मागितला, संपले. पण मूकपटांचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर ही पत्रे बाजूला ठेवता येत नाहीत, कारण चित्रपट पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे त्याच्याच शब्दांत सांगणारा दुसरा पुरावा फारसा उरलेला नाही. ही पत्रे का लिहिली गेली, ती छापून कशी आली आणि आज ती वाचताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या लेखात समजून घेऊ.

पहिला प्रश्न असा, की प्रेक्षकाला पत्र लिहावेसे का वाटले? आपल्याकडच्या संगीत नाटकाचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येते. बालगंधर्वांचे पद आवडले तर पिटातला प्रेक्षक तिथल्या तिथे 'वन्समोअर' म्हणत असे. ते ऐकून नट पुन्हा गात असे, आणि आपली पसंती पोचली हे प्रेक्षकाला त्याच क्षणी कळत असे. चित्रपटाने हा व्यवहार मोडला. पडद्यावरच्या नटीसाठी कितीही टाळ्या वाजवल्या तरी त्या तिच्या कानावर जाणार नव्हत्या. ती त्या वेळी कदाचित हजार मैलांवर दुसऱ्याच चित्रपटाच्या कामात गुंतलेली होती. शिवाय कॅमेरा तिला इतक्या जवळ आणत होता, की नाटकाच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्यालाही जी पापणीची हालचाल दिसली नसती ती पाच सेंट देऊन आलेल्या कामगाराला दिसत होती. जवळीक वाढली आणि भेट मात्र अशक्य झाली. ही पोकळी टपालाने भरून काढली. चाहत्याचे पत्र म्हणजे टपालाने पाठवलेला वन्समोअर होता, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

कंपन्या नावे का लपवत होत्या, याची दोन-तीन कारणे सांगितली जातात. नाव झाले की नट जास्त पगार मागणार, ही भीती खरीच होती. रंगभूमीवरून आलेल्या अनेक नटांना आपण चित्रपटात काम करतो हे लोकांना कळू नये असेच वाटत होते, कारण त्या काळी तो कमी प्रतीचा उद्योग मानला जात होता. आणि चित्रपट कंपनीच्या छापावर विकला जात होता: थिएटरवाला 'बायोग्राफचे नवे रीळ' मागत असे, नटीचे नाही. पण प्रेक्षकाने ही व्यवस्था मान्य केली नाही. ज्यांची नावे कळत नव्हती त्यांना त्याने स्वतःच नावे दिली. व्हायटाग्राफ कंपनीची फ्लॉरेन्स टर्नर 'व्हायटाग्राफ गर्ल' झाली, आणि बायोग्राफमध्ये १९०९ मध्ये आलेली मेरी पिकफर्ड चित्रपटातल्या मजकुराच्या पाट्यांवर वारंवार येणाऱ्या नावावरून 'लिटल मेरी' म्हणून ओळखली जाऊ लागली.

या मागणीत धंदा आहे, हे कार्ल लेम्ली या निर्मात्याने बरोबर ओळखले. त्याने फ्लॉरेन्स लॉरेन्सला आपल्या 'इम्प' कंपनीत घेतले. ती ट्रामच्या अपघातात मरण पावल्याची अफवा पसरली. ती त्यानेच पसरवली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मार्च १९१० मध्ये त्याने व्यवसायाच्या नियतकालिकात मोठी जाहिरात देऊन ही बातमी खोटी असल्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात तिला सेंट लुईस शहरात लोकांसमोर उभे केले. तिथे तिला पाहायला मोठी गर्दी लोटली. चित्रपटाची पहिली 'स्टार' त्या दिवशी जन्माला आली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते तितकेसे खरे नाही, कारण कॅलेम कंपनीने १९१० च्या जानेवारीतच आपल्या कलाकारांचा फोटो नावांसह छापला होता. लेम्लीने युक्ती केली हे खरे, पण त्या युक्तीला जो प्रतिसाद मिळाला त्याची तयारी त्याआधीच बिननावाच्या पत्रांनी करून ठेवली होती. बायोग्राफने मात्र आपला हट्ट १९१३ पर्यंत सोडला नाही.

आता पत्रे छापून कशी येऊ लागली ते पाहू. फेब्रुवारी १९११ मध्ये ब्रुकलिनमधून 'मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन' हे मासिक निघाले. व्हायटाग्राफचे जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन आणि प्रकाशक यूजीन ब्रूस्टर यांचे हे मासिक मुळात चित्रपटांच्या कथा गोष्टीरूपाने छापण्यासाठी होते. त्याच वर्षी शिकागोहून 'फोटोप्ले' सुरू झाले. वाचकांना गोष्टी हव्याच होत्या, पण त्याहून अधिक त्यांना प्रश्न विचारायचे होते. म्हणून ब्रूस्टरच्या मासिकात 'आन्सर मॅन' नावाचे सदर आले. उत्तरे देणारा हा कुणी दाढीवाला वृद्ध गृहस्थ आहे, असे वाचकांसमोर उभे केले होते, आणि वाचकही त्याच्याशी घरच्या आजोबांशी बोलावे तसे बोलत.

हे सदर जरा जवळून पाहण्यासारखे आहे. बारीक टायपात, एकापुढे एक, डझनावारी उत्तरे छापलेली असतात. प्रश्न छापलेला नसतो. जागा वाचवण्यासाठी फक्त पत्रलेखकाचे टोपणनाव आणि त्याला दिलेले उत्तर. त्यामुळे आज हे सदर वाचणे म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असताना एकाच बाजूचे बोलणे ऐकण्यासारखे आहे. समजा, उत्तर असे आहे: 'नाही, ती त्या चित्रपटात नव्हती, तुम्ही म्हणता ती तिची धाकटी बहीण.' एवढ्यावरून आपल्याला कळते, की पत्रलेखकाने चित्रपट पाहिला होता, चेहऱ्यातले साम्य टिपले होते, पैज लागावी इतकी चर्चा घरी किंवा कामाच्या जागी झाली असावी, आणि जाणत्याकडून निकाल मागवला गेला. हे जुने अंक चाळताना मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या या तुटक ओळी.

या सदराचा एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कलाकारांच्या लग्नाविषयीच्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, असे सुरुवातीला स्पष्ट बजावलेले होते. नियम करावा लागला, याचा अर्थ ते प्रश्न भरपूर येत होते. पुढे हा नियम सैल झाला आणि काही वर्षांतच नटनट्यांची घरे, लग्ने आणि घटस्फोट हाच अशा मासिकांचा मुख्य माल बनला. आरंभीच्या पत्रांत मात्र कुतूहलाचा पल्ला मोठा होता. कॅमेऱ्यातल्या करामती कशा केल्या, चित्रण कुठे झाले, कथा लिहून पाठवायची असेल तर ती कशी लिहावी, असेही प्रश्न त्यात होते, आणि लिहिणाऱ्यांत पुरुष व मुलगे भरपूर होते. चित्रपटाचा चाहता म्हणजे भाबडी तरुण मुलगी, ही कल्पना नंतर तयार झाली, आणि ती ठसवण्यात मासिकांच्या जाहिरातदारांचा हात मोठा होता.

१९२० च्या दशकात पूर्ण पत्रे छापणारी सदरे स्थिरावली. 'पिक्चर-प्ले' मासिकात चाहत्यांना काय वाटते हे सांगणारे सदर होते, तर 'फोटोप्ले'च्या सदराच्या नावातच एका बाजूला विटांचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला फुलांचे गुच्छ होते, म्हणजे निंदा आणि स्तुती. 'फोटोप्ले' दर महिन्याला उत्तम पत्रांना २५, १० आणि ५ डॉलरची बक्षिसे देत असे आणि पत्र २०० शब्दांच्या आत असावे अशी अट होती. वाचणाऱ्याने इथे थांबायला हवे. बक्षीस लागले की लेखन बदलते. माणूस आपल्या मनातले लिहितोच, पण संपादकाला आवडेल असेही लिहितो. म्हणून या पत्रांत 'या चित्रपटाने माझे आयुष्य बदलले' या धर्तीचा मजकूर मोठ्या प्रमाणात भेटतो. आजारपणात चित्रपटाने दिलेला धीर, दूरच्या शेतावरच्या एकटेपणात मिळालेली सोबत, पडद्यावर पाहिलेले परदेश. हे सगळे खोटे आहे असे मुळीच नाही. पण ते एका साच्यात घातलेले आहे, आणि तो साचा ओळखूनच आतला माणूस शोधावा लागतो.

स्तुतीच्या शेजारी चुका पकडणारी पत्रे ठेवली तर चित्र पुरे होते. 'फोटोप्ले'त आणखी एक सदर होते, त्यात वाचक चित्रपटातल्या विसंगती कळवत: आत जाताना एक टोपी आणि बाहेर येताना दुसरी, पावसातून आलेल्या माणसाचे कोरडे बूट, या जातीच्या गोष्टी. चित्रपट घरी आणून थांबवून पाहण्याची सोय नव्हती. थिएटरात एकदा-दोनदा पाहिलेल्या, झरझर सरकणाऱ्या दृश्यातून हे टिपलेले असे. मूकपटाच्या प्रेक्षकाला भाबडा म्हणणाऱ्याने ही पत्रे अवश्य वाचावीत. आवाज नसल्यामुळे तो डोळ्यांनी किती बारकाईने पाहत होता, हे त्यातून कळते.

वाचकांच्या मताला मासिकाने किती वजन दिले, याचे ठोस उदाहरण म्हणजे 'फोटोप्ले'चे सुवर्णपदक. १९२० या वर्षातील सर्वोत्तम चित्रपट वाचकांनी मते पाठवून निवडला, आणि फ्रँक बोर्झेगी दिग्दर्शित 'ह्यूमरेस्क'ला पहिले पदक मिळाले. पुढच्या वर्षी ते 'टॉलेबल डेव्हिड'ला गेले, १९२५ साठी 'द बिग परेड'ला. ऑस्कर पुरस्कारांचा पहिला समारंभ मे १९२९ मध्ये झाला. म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षे टपालाने आलेल्या प्रेक्षकांच्या कौलावर वर्षातला उत्तम चित्रपट ठरत होता.

मासिकांकडे येणारी पत्रे हा एक प्रवाह होता. थेट कलाकारांना जाणारी पत्रे हा दुसरा, आणि तो कितीतरी मोठा होता. त्यातल्या बहुतेक पत्रांत फोटोची मागणी असे, आणि फोटोच्या खर्चासाठी पुष्कळजण २५ सेंटचे नाणे पाकिटात घालत. कंपन्यांनी या टपालासाठी वेगळे विभाग उभारले. तिथल्या कारकून मुली पाकिटे फोडत, नाणी वेगळी काढत, छापील सहीचे फोटो रवाना करत. किती पत्रे आली याचा आकडा हा नटाच्या किमतीचा मापदंड झाला, करार करताना तो पुढे केला जाऊ लागला. त्यामुळेच असे आकडे जपून घ्यावेत. क्लारा बो हिला एकाच महिन्यात ४५,००० पत्रे आली, असे नेहमी सांगितले जाते. पण हे आकडे कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागांतून बाहेर पडत होते आणि ते फुगवण्यात त्यांचा फायदा होता. क्लारा बो हिच्याबाबत दुसरी गोष्ट मात्र निर्विवाद आहे: ती स्वतः अशा मासिकांची वाचक होती आणि १९२१ मध्ये ब्रूस्टरच्या मासिकांनी घेतलेल्या स्पर्धेत फोटो पाठवून, ती जिंकूनच ती चित्रपटात आली.

मूकपटाची पत्रे इतक्या दूरदूरच्या देशांतून येत, यालाही एक साधे कारण होते. चित्रपटात बोलणे नव्हते, मधूनमधून मजकुराच्या पाट्या होत्या. पाट्या कापून दुसऱ्या भाषेतल्या बसवल्या की तोच चित्रपट जपानात, ब्राझीलमध्ये किंवा मुंबईत स्थानिक चित्रपटासारखा चालत असे, आणि नटी कोणत्या भाषेत बोलते हा प्रश्नच उद्भवत नसे. बोलपट आल्यावर हे नाते तुटले. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' झळकला आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतले मूकपटांचे उत्पादन जवळजवळ थांबले. तेव्हाच्या पत्रांतला वाद जोरदार आहे: कुणाला आवाज हवा होता, कुणाला तो कर्कश वाटत होता, कुणाला थिएटरातला वाद्यवृंद गेल्याची हळहळ होती. सर्वांत मोठी हानी झाली ती कर्णबधिर प्रेक्षकांची. मूकपटगृहात ते इतरांच्या बरोबरीने बसत होते; पाट्या गेल्या आणि शब्द फक्त कानांसाठी उरले, तेव्हा ती बरोबरी एका झटक्यात संपली. या नुकसानीची चर्चा चित्रपटाच्या इतिहासात फार कमी होते, आणि ती व्हायला हवी.

ही पत्रे आज इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर एका आकडेवारीत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे १०,९१९ पूर्ण लांबीचे मूकपट तयार झाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात पूर्णपणे उरलेले केवळ १४ टक्के आहेत आणि सुमारे ७० टक्के समूळ नष्ट झाले आहेत. फिल्म नायट्रेटची होती. ती सडत असे, पेट घेत असे, आणि बोलपट आल्यावर जुन्या प्रती सांभाळण्यात कुणाला पैसा दिसत नव्हता. थीडा बारा हिने ४० च्या आसपास चित्रपट केले, त्यातले उरले ते बोटांवर मोजण्याइतके. तिचा १९१७ चा गाजलेला 'क्लिओपात्रा' आज काही क्षणांच्या तुकड्यांपुरता शिल्लक आहे. फॉक्स कंपनीच्या अनेक चित्रपटांच्या प्रती १९३७ मध्ये न्यू जर्सीतील गोदामाला लागलेल्या आगीत जळाल्या. अशा चित्रपटाविषयी जाहिरात काय सांगते हे आपल्याला ठाऊक असते, समीक्षक काय म्हणाला हेही सापडते. पण प्रेक्षक कुठे हसला, कोणत्या प्रसंगी गप्प झाला, पियानोवाल्याने काय वाजवले, चालकाने रीळ घाईने फिरवल्यामुळे रडण्याचा प्रसंग कसा हास्यास्पद झाला, या गोष्टी मिळाल्या तर पत्रातच मिळतात.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. छापलेले प्रत्येक पत्र संपादकाने निवडलेले आहे आणि बहुधा कापलेलेही. काही पत्रे कचेरीतच लिहिली गेली असावीत, असा संशय रास्त आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांच्याकडे टपालाला पैसे नव्हते, ज्यांना स्थलांतरित म्हणून इंग्रजी येत नव्हते, आणि वर्णभेदामुळे ज्यांना वेगळ्या दारातून माडीवर बसवले जात होते, ते या सदरांत क्वचितच दिसतात, मात्र थिएटर भरण्यात त्यांचा वाटा मोठा होता. म्हणून एका पत्रावरून 'प्रेक्षकाला असे वाटत होते' असे विधान करू नये. अनेक अंकांतली अनेक पत्रे शेजारी मांडून काय पुन्हापुन्हा येते ते पाहावे. हे काम आता घरबसल्या करता येते, कारण 'मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररी'ने या मासिकांचे असंख्य अंक सर्वांना मोफत खुले केले आहेत.

भारतात चित्र वेगळे होते. चित्रपटाला वाहिलेले पहिले नियतकालिक मानले जाणारे गुजराती 'मौज मजाह' १९२४ मध्ये निघाले, आणि निरक्षर प्रेक्षकांसाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असावा लागे, अशा ठिकाणी पत्रांचा पूर अपेक्षित धरता येत नाही. सरकारने चित्रपटांच्या चौकशीसाठी १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ३५३ साक्षीदार तपासले, पण त्यांत धंद्यातले लोक, अधिकारी, वकील, शिक्षक हेच प्रामुख्याने होते. तरीही प्रेक्षकांच्या पत्रांचे एक मोठे उदाहरण आपल्या मराठीतच आहे, आणि ते एका वृत्तपत्रात घडले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर १९१७ चा 'लंकादहन' आणि १९१९ चा 'कालियामर्दन' यांनी दादासाहेब फाळके यांचे नाव घरोघरी पोचवले. याच सुमारास हिंदुस्थान या आपल्या चित्रपट कंपनीतल्या भागीदारांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि सहकुटुंब काशीला जाऊन 'रंगभूमी' हे नाटक लिहीत बसले. 'संदेश'चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याची विनंती केली. फाळक्यांनी उलट लिहिले, की चित्रपटाच्या धंद्यापुरता मी मेलेलो आहे आणि पुन्हा त्यात येण्याची माझी इच्छा नाही. कोल्हटकर हे वाचकाची नाडी ओळखणारे संपादक. 'वत्सलावहिनींची पत्रे' लिहून पत्र या प्रकारालाच त्यांनी मराठी वृत्तपत्रात लोकप्रिय केले होते. त्यांनी फाळक्यांचे ते उत्तर सरळ छापून टाकले.

त्यावर वाचकांची पत्रे आली, आणि येतच राहिली. ती 'संदेश'मध्ये छापली गेली. इथे बक्षीस नव्हते, फोटोची मागणी नव्हती, नटीच्या रूपाची तारीफ नव्हती. ज्या माणसाने राम आणि कृष्ण पडद्यावर चालते केले त्याने ते काम सोडू नये, एवढेच मागणे होते. अमेरिकेतल्या पत्रांत चेहऱ्याला नाव हवे होते, तर या पत्रांत नाव सर्वांना ठाऊक होते आणि माणूस परत हवा होता. कोल्हटकरांनी ते सगळे अंक गोळा करून काशीला पाठवले. फाळक्यांनी ते वाचले. १९२२ मध्ये ते नाशिकला परतले आणि हिंदुस्थान कंपनीत पुन्हा चित्रपट करू लागले.